वाईनची द्राक्षे सेंद्रिय पद्धतीने

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील आमची शेनिन ब्लाँ या वाईनच्या पांढऱ्या द्राक्षांची दोन एकरांची बाग सेंद्रिय करायची आहे. केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग रासायनिक औषधांवाचून आवरतील का? पुढे वाईनही स्वतःच काढावी, असा विचार आहे.

उत्तर : आवरतील, मात्र रोज बागेत फिरावे लागेल. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की केवडा पानांच्या खालच्या बाजूने पसरतो, म्हणून वेलीत हवा खेळती ठेवणे ही पहिली फवारणीच समजावी. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे द्रावण, सेंद्रिय शेतीत मर्यादित प्रमाणात चालते. एक टक्का द्रावणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घेऊन ते प्लॅस्टिकच्या पिंपात करावे व त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. भुरीसाठी गंधक वापरता येते; पण काढणी जवळ आल्यावर ते थांबवावे, कारण मण्यांवर उरलेल्या गंधकामुळे आंबवताना सडक्या अंड्यांसारखा वास येऊ शकतो. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा, काळ तीन वर्षांचा धरावा. वाईन काढण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. त्यामुळे आरंभीची काही वर्षे द्राक्षे वायनरीला देणेच आम्हाला शहाणपणाचे वाटते.