फोंड्याजवळच्या १,००० लेयर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांच्या फार्मवर अंड्यांचा कार्बन फूटप्रिंट कसा मोजायचा?

कार्बन फूटप्रिंट म्हणजे अंडी तयार होताना हवेत जाणारे, तापमान वाढवणारे वायू. त्यांचा हिशेब डझनावर नको, १ किलो अंड्यांवर करा. अंड्याचा आकार बदलतो. आधी खाद्य मोजा, कारण सर्वांत मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. पक्ष्यामागे रोज ११० ग्रॅम म्हणजे १,००० पक्ष्यांना रोज ११० किलो. ८५ टक्के उत्पादन (१०० कोंबड्यांमागे रोज ८५ अंडी) आणि ५५ ग्रॅमचं अंडं धरलं तर रोज ४६.७५ किलो अंडी. म्हणजे किलोमागे २.३५ किलो खाद्य. पोत्यावरचं वजन नव्हे, खरंच खाल्लेलं आणि सांडलेलं दोन्ही धरा. मका आणि सोयापेंड वेगळी लिहा. सोया जंगल तोडलेल्या जमिनीवरची असेल तर आकडा खूप चढतो.

बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या ट्रकचं डिझेल लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड देतं. परतीची रिकामी फेरीही मोजा. वीजबिल आणि जनरेटर सोपे आहेत.

चूक होते ती विष्ठेत. गोव्याच्या पावसात शेडमधली विष्ठा ओली राहिली की अमोनिया वाढतो, नायट्रस ऑक्साइडचीही भर पडते, आणि हा नायट्रस ऑक्साइड १०० वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. म्हणून उन्हाळ्याचा आकडा वर्षभर लावू नका. तलंगा (कोवळ्या कोंबड्या) अंड्यावर येईपर्यंतच्या १८-२० आठवड्यांचं खाद्यही बहुतेकजण विसरतात.