घासणे, उजळणे, घोटणे: सुरुवातीला एवढंच

नागपुरात राहून हिंदीतून मराठीकडे येताय, छान! फक्त हिंदी ‘चमकाना’ला मराठीत एकच शब्द शोधू नका.

‘घासणे’ म्हणजे मळ काढणे: भांडी, दात. लाक्षणिक अर्थात चकाकी नाही. ‘नाक घासणे’ म्हणजे लाचारीने विनवणे. म्हणून ‘मराठी सुधारतोय’ या अर्थी ‘मराठी घासतोय’ चालत नाही. तिथे ‘घोटणे’ (पुन्हा पुन्हा करून पक्कं करणे) घ्या: अक्षर घोटा, पाठ घोटून घ्या. (‘गळा घोटणे’ म्हणजे मात्र जीव घेणे.)

‘उजळणे’ शब्दशः आणि लाक्षणिक, दोन्हीकडे चालतं, तिथे जरा थांबा. ‘आजीने चिंचेने समई उजळली’: समई हे कर्म आहे, म्हणून भूतकाळात कर्त्याला ‘ने’. ‘तिचं नशीब उजळलं’: ‘ने’ नाही, कारण कर्मच नाही.

नेहमीची चूक ‘मैंने’वरून होते: ‘मीने कढई घासला’. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही आणि कढई स्त्रीलिंगी: ‘मी कढई घासली’.

‘परजणे’, ‘पैलू पाडणे’ हे याच अर्थाजवळचे शब्द नंतर बघू.