आधी लेखी घे

पोरी,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. वकिलातीतून तुझ्या सिनेमाच्या निर्मात्याला फोन आला आणि आता तो म्हणतोय, हुकूमशहाचं नाव बदल, देश काल्पनिक कर, भाषणाचा प्रसंग आटप. तू विचारतेस, एवढ्याने काय बिघडतं? बिघडत नसतं तर तू मला चार पानं लिहिली नसतीस.

माझं एकच म्हणणं आहे. लेखी घे. काय कापायचं आणि कुणाच्या भीतीने, हे निर्मात्याच्या सहीनिशी येईपर्यंत एका फ्रेमला हात लावू नकोस.

2014 च्या ‘द इंटरव्ह्यू’चा दाखला तू दिलास, पण तुझी गोष्ट डिसेंबरात सुरू होते. जूनपासून वाच. आपला सत्ताधीश किम जोंग उन याच्या हत्येवरचा विनोदी सिनेमा येतोय म्हटल्यावर उत्तर कोरियाने तेव्हाच त्याला युद्धाची कृती ठरवलं होतं. मग सिनेमा काढणाऱ्या सोनी कंपनीच्या प्रमुखांनी टोकियोहून किमच्या मरणाचं दृश्य सौम्य करायला सांगितलं आणि दिग्दर्शकाची मेलवर घासाघीस सुरू झाली: चेहऱ्यावरच्या भाजल्याच्या चार खुणांपैकी तीन काढतो, पेटलेले केस निम्म्याने कमी करतो. काय साधलं? नोव्हेंबरात सोनीचे संगणक हॅक झालेच. 16 डिसेंबरला 11 सप्टेंबरची आठवण करून देत थिएटरांना धमकी आली, मोठ्या साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि 17 ला सोनीने प्रदर्शन रद्द केलं. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं, त्यांनी हात झटकले. पुढे ओबामांनी चूक केलीत म्हणून सुनावलं, नाताळात सिनेमा ऑनलाइन आणि तीनशेवर छोट्या थिएटरांत लागला, हे तुला पाठ आहे.

मला टोचतं ते कडेचं. त्याच आठवड्यात स्टीव्ह कॅरेल या नटाचा, उत्तर कोरियात घडणारा एक सिनेमा शूटिंगआधीच गुंडाळला गेला. धमकीत त्याचं नावही नव्हतं. काही थिएटरांनी रिकाम्या जागी 2004 चा, किमच्या वडिलांची टर उडवणारा बाहुल्यांचा सिनेमा लावायचं ठरवलं, तर त्याची मालक कंपनी पॅरामाउंट तोही देईना. दहा वर्षांच्या जुन्या बाहुल्या!

आणि त्या चार खुणांचा हिशेब आपल्याला कळला तो कशामुळे? त्या हॅकिंगमध्ये मेल फुटले म्हणून. कुणीतरी लिहिलं होतं म्हणून फुटले. तोंडी ठरलं असतं तर दिग्दर्शकालाच वाटलं, असं म्हणून सगळे मोकळे झाले असते.

माझं तसंच झालं. माहितीपट होता, परागंदा झालेल्या लोकांवरचा. एक म्हातारा बोटांच्या पेरांवर बेपत्ता मुलं मोजतो, तिसऱ्या पेरावर अडखळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्याच्या देशाच्या वकिलातीतला एक माणूस निर्मात्याकडे चहाला येऊन गेला, एवढंच मी ऐकलं. मला कुणी काही सांगितलं नाही. रात्री एकटा बसून मीच तो शॉट कापून टाकला. वर्षभराने निर्मात्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, “मी कुठे सांगितलं होतं?” खरंच होतं ते! मूळ फुटेज तोवर पुसलं गेलं होतं.

घरात आजारपण होतं, कामाचे पैसे अडकले होते, आणि बाकीची पन्नास मिनिटं तरी लोकांपर्यंत पोचली, हे मी आजही स्वतःला सांगतो. खोटं नाही ते. पण तुला हे शहाणपण म्हणून शिकवणार नाही, आणि तूही उद्या माझा दाखला देऊन मला गप्प करू नकोस.

मी नाव बदलूच नकोस म्हणत नाहीये, नीट वाच. कलाकारांच्या जिवाला धोका असेल तर बदल. त्यांची घरं, त्यांची मुलं तुझ्या संवादापेक्षा मोठी आहेत, यावर आपलं दुमत नाही. पण ते कारणही लिहून घे. ‘स्क्रिप्ट घट्ट करूया’ असल्या गुळगुळीत शब्दांना भुलू नकोस. निर्माता भला माणूस आहे, म्हणतेस. असेल. माझाही होता.

आजच त्याला मेल टाक. चार ओळी पुरे: फोन कोणत्या तारखेला आला, समोरून काय म्हणाले, तुम्हाला नेमकं काय काढायचंय, का. मसुदा आधी मला दाखवलास तरी चालेल. फक्त त्यात ‘क्षमस्व’ घालू नकोस, तुझ्या पत्रात तो तीनदा आलाय.