बारावीनंतर व्यसनमुक्ती केंद्रात काम करायचंय. कोल्हापुरात राहून आधी कोर्स करावा की आधी नोकरी धरावी?

तुम्ही लिहिलंय की वय 23 आहे, मोठा भाऊ दारूतून बाहेर आला आणि तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतंय. मी कोल्हापूरजवळच्या एका केंद्रात बारा वर्षं आहे. लागलो तेव्हा रात्रपाळीचा वॉर्डबॉय होतो, आता समुपदेशक आहे. माझं मत विचाराल तर आधी वॉर्ड, मग कोर्स. फक्त वॉर्ड कुठला, ते बघून घ्या.

मी लागून तिसरा आठवडा होता. इचलकरंजीचा एक माणूस आला, यंत्रमागावर काम करणारा, चाळिशीतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा शर्टवर. 'काय न्हाई दादा, थंडी वाजतीया,' म्हणाला. ग्रुपला, म्हणजे गटचर्चेला, येत नाही म्हणाला, म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नाटक करतोय, ग्रुप टाळतो.' त्या रात्री दोनच्या सुमारास तो खाटेवर उठून बसला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत हवेतलं काहीतरी धरून गाठी मारायला लागला. काय करताय विचारलं, तर म्हणाला, 'धागा तुटलाय, माग बंद पडंल.' स्वप्नात असेल समजून मी त्याला झोपवायला बघत होतो. सिस्टर आल्या, त्याला तारीख विचारली, आपण कुठे आहोत विचारलं, आणि लगेच गाडी काढायला लावली. हॉस्पिटलात चार दिवस ठेवावं लागलं. वाचला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ते पान उघडलं. 'नाटक हे तुझं मत झालं. तुला काय दिसलं ते लिही. हात किती थरथरत होता, घाम होता का, किती वाजता काय म्हणाला.' त्याच पानावर खाली मला सगळं पुन्हा लिहायला लावलं. संध्याकाळी साडेसहाची थरथर, साडेआठचा घाम, जेवणाला नकार. एकाखाली एक लिहिल्यावर मलाच दिसलं की तो माणूस रात्री कुठे पोचणार होता.

म्हणून सगळ्यात आधी घड्याळ शिका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. भास होणं, वेळकाळाचं भान सुटणं, ज्याला डीटी म्हणतात, ते बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. या अवस्थेत हात रोजच्या कामाच्या हालचाली करतात हेही मला पुढे कळलं. मागवाला धागा जोडतो, ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो. ब्राऊन शुगरची टर्की, म्हणजे ती बंद केल्यावर होणारा त्रास, बघवत नाही इतकी वाईट असते, पण तिच्यात जीव जाण्याचा धोका दारूच्या मानाने कमी. तिथला मोठा धोका घरी गेल्यावरचा. शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस पूर्वीचाच डोस घेतो.

हे घड्याळ सुरू कधी झालं ते मात्र विचारून काढावं लागतं. 'पिता का?' विचारलं की 'कधीतरी' एवढंच हाती येतं. 'शेवटची कधी घेतली, किती घेतली?' असं विचारा. मग बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन तेच विचारा, त्यांना अगदी वेळेसकट ठाऊक असतं. अजून एक, आमच्याकडे बरेच पेशंट गावात सलाईन लावूनच येतात. त्यात ग्लुकोज होतं का, बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी दिलं का, हे विचारून आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. बी-1 ची कमतरता असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. औषध ठरवणं आपलं काम नाही, पण ही माहिती डॉक्टरांपर्यंत आपणच पोचवायची.

आता कोर्सचं. ऑस्ट्रेलियात या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी 'सर्टिफिकेट फोर इन अल्कोहोल अँड अदर ड्रग्ज' असा व्यावसायिक कोर्सच आहे. आपल्याकडे वॉर्डबॉयला असं प्रमाणपत्र विचारणारं मला अजून कुणी भेटलं नाही, आणि मला ते फार खटकतं. रात्री दोन वाजता पेशंटजवळ तोच असतो. समुपदेशक व्हायला पदवी लागते, तेव्हा काम करता करता शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.ए. करा. पुढे जमलं तर कोल्हापुरातल्याच सायबर या संस्थेत एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय आणि इतर केंद्रांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवत आलंय. तिथलं प्रशिक्षण केंद्रामार्फत मिळवा. दोन-चार महिने वॉर्डात काढून गेलात तर तिथे विचारायला तुमच्याकडे प्रश्न असतील. दिल्लीच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थेच्या प्रशिक्षणांवरही लक्ष ठेवा. आणि ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' गटाच्या, ओपन मीटिंगला जाऊन बसा, तिथे कुणालाही जाता येतं. ऐकण्याची सवय मला तिथेच लागली. पगार सुरुवातीला कमीच असतो. मला घरची शेती होती म्हणून निभावलं, तुम्ही घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

केंद्र निवडताना मात्र अजिबात तडजोड करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. पेशंटला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे, जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही. नोकरी मागायला जाल तेव्हा नोंदणी आहे का विचारा, डॉक्टर कधी येतात विचारा, रात्री फिट आली तर कुठे नेता ते विचारा. मग वॉर्डात एक चक्कर मारू द्या म्हणा. सगळ्यांची डोकी भादरलेली दिसली, किंवा कुणी अभिमानाने 'इथं आम्ही सरळ करतो' म्हणालं, तर निघून या. तिथे तुम्ही मारायला शिकाल, आणि ते सोडवायला फार वर्षं जातात. असे दोन सहकारी मी जवळून बघितलेत.

भाऊ ज्या केंद्रात होता तिथे नोकरी मागू नका. तो तिथे अजून फॉलोअपला जात असेल. उद्या त्याची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर धाकट्या भावाची ड्यूटी आहे या शरमेने तो पायरी चढणार नाही. ती जागा त्याला मोकळी राहू द्या.