तांबड्या पहाटेवरून हवामानाचा अंदाज बांधताना

पहाटेचे आभाळ तांबडे दिसले की पाऊस येणार, हा आडाखा नव्या निरीक्षकाने पारखूनच वापरावा, कारण तो मुळात ब्रिटनसारख्या मध्यम अक्षांशांतील देशांचा आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातही (16:2-3) तो आढळतो. त्या पट्ट्यात, म्हणजे ढोबळमानाने 30 ते 60 अंश अक्षांशांदरम्यान, हवामानाच्या प्रणाली बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. सूर्य क्षितिजावर असताना त्याचे किरण माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट हवेतून येतात, वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि उरलेली लाली पश्चिमेच्या ढगांवर पडते. पूर्व मोकळी आणि पश्चिमेला ढग, म्हणजे ते ढग आपल्याकडेच निघालेले असण्याचा संभव अधिक.

महाराष्ट्रात हे गणित पावसाळ्यात बरेचदा उलटते. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिम-वायव्येकडे सरकत येतात, त्यामुळे पहाटे पश्चिमेला लाल झालेला ढग कदाचित आपल्याला ओलांडून गेलेलाही असेल. हिवाळ्यातील लालीत तर धूळ आणि धुराचाच वाटा मोठा असतो (शहरात विशेषतः), आणि माझ्या मते तिच्यावरून पावसाचा अंदाज बांधूच नये.

म्हणून वहीत केवळ रंग टिपू नका. लाली ढगांवर होती की निरभ्र आकाशात, ढग कोणत्या थरातले होते आणि कोणीकडे सरकत होते, हे वायुदाबासह लिहा, आणि दुसऱ्या दिवशीचा पाऊस त्याच ओळीत नोंदवा.