लेक आजीचं लुगडं नेसून फोटो काढते, यात करिअर आहे का?

"मुलगी बारावी सायन्सला. सासूबाईंचं लुगडं नेसून तिनं स्वतःचे फोटो काढले. आमच्या लग्नाच्या आणि गड्ड्याच्या यात्रेच्या व्हीएचएस कॅसेटमधली दृश्यं त्यांना जोडली आणि नाव दिलं 'मी, विडी कामगार'. आमच्याकडे कुणी कधी विड्या वळल्या नाहीत. नातेवाईक विचारतात, हा खोटेपणा कशाला? यात पोट भरेल का?" – एक आई, सोलापूर

ताई, गोष्ट रचलेली आहे हे ती लपवत नसेल तर खोटेपणा कसला? ब्रिटनच्या कलाकार जिलियन वेअरिंग यांनी २००३ मध्ये सिलिकॉनचे मुखवटे चढवले आणि स्वतःच आई, वडील, भाऊ होऊन घरच्या अल्बममधले फोटो पुन्हा काढले. आपल्याकडे कलाकार विवान सुंदरम यांनी आजोबांनी काढलेले घरातले फोटो संगणकावर जोडून मावशी, चित्रकार अमृता शेरगिल यांच्यावर 'रीटेक ऑफ अमृता' ही फोटोमालिका केली.

माझी हरकत वेगळी आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत लेकीच्या मांडीवर सूप आहे, पण कात्री नाही, पान मापात कापायचा पत्रा नाही, दोराही नाही. ज्या गावात घरोघरी बायका विड्या वळतात, तिथं हे लगेच नजरेत भरतं. तिला एखाद्या विडी कामगार मावशींशेजारी चार दुपारी बसू द्या. नुसतं लुगडं नेसून ते पात्र उभं राहत नाही.

पोटाचं म्हणाल तर निव्वळ अशा कामावर घर चालवणारे थोडेच. बाकीचे शिकवतात, व्हिडिओ एडिटिंग करतात, जाहिरातीत जातात. म्हणून बारावी नीट होऊ द्या, सोबत बीएफए म्हणजे कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. फोटोग्राफीचंच पक्कं झालं तर पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला एमडेस म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे. लाखो रुपये फी घेणाऱ्या खासगी कोर्सची घाई मात्र नको.

लग्नाचं शूटिंग पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्यानं त्याचा कॉपीराइट करून घेणाऱ्याचाच. तरी ज्यांचे चेहरे दिसतात त्या आत्या-काकूंना प्रदर्शनाआधी विचारा. तुमचे निम्मे नातेवाईक तिथंच निवळतील. आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी जाणकाराकडून साफ करून डिजिटल कॉपी काढून घ्या.