बाद झालेली मुलं कुठे जातात?

सुट्टी जवळ आली की शिबिरं आणि मंडळांच्या ताई-दादांचे फोन सुरू होतात. तक्रार एकच: "मॅडम, मुलं ऐकतच नाहीत." घसा बसलेला, शिट्टीला मुलं सरावलेली आणि "हा माझा पिंडच नाही" हा निष्कर्ष आधीच काढून ठेवलेला.

वस्तीतल्या मंडळात संध्याकाळी तीसेक मुलांचे खेळ घेणारी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी अशीच आली.

"एक पोरगा आहे. तो आला की खेळाचा पार विचका. लहानांच्या चपला पत्र्यावर फेकतो. काढून टाकू का त्याला?"

"कधी फेकतो?"

"कधीही."

"खेळ सुरू झाल्या झाल्या?"

ती थांबली. "नाही... बाद झाल्यावर."

"आणि बाद कधी होतो?"

"लगेचच. अंगानं जाड आहे ना, पळता येत नाही."

मी तिला आठवड्याचे खेळ लिहून आणायला सांगितले आणि प्रत्येकापुढे, बाद झालेलं मूल नंतर काय करतं तेही. डॉजबॉल, संगीत खुर्ची, पुन्हा डॉजबॉल. पुढे सगळीकडे एकच: 'बाजूला बसतं'. पुढच्या भेटीत कागदाकडे बघत तीच म्हणाली, "म्हणजे ज्यांना खेळायची जास्त गरज, तीच सगळ्यात कमी खेळतात." वाक्य तिचंच, पण तिथवर आणल्याचं श्रेय मी घेतेच.

मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं उभी केली. मूल खोडी काढतं तेव्हा ते गटात आपली जागा शोधत असतं, हा त्यांचा विचार. मीही त्याच वाटेची. मुलाचा स्वभाव तपासण्याआधी त्याला तिथे जागा आहे का, ते बघते.

आपले खेळ याबाबतीत फार शहाणे आहेत. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण बसलेले असतात, पण खोड्या काढायला कुणाला फुरसत नसते. खो कुठल्याही क्षणी मिळेल. विषामृतात विषाचा हात लागलेलं मूल 'अमृत, अमृत' असा गळा काढत डावातच असतं. साखळीत तर पकडलेलाच पकडायला लागतो. आणि चिमुरड्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून सामावून घेणं मुलांना कुणी शिकवावं लागलेलं नाही.

तिनं डॉजबॉल सोडला नाही, एक नियम बदलला. बाद झालेल्यानं रिंगणाबाहेर उभं राहून आतल्यांना चेंडू मारायचा. पत्र्यावर चपला पोचवणारा हात तो, नेम पक्का निघाला!

बाकी सांगितलं ते साधंच. नियम दोन-तीन वाक्यांत सांगा आणि पहिला डाव मोजू नका. कप्तानांना गडी निवडायला लावू नका, शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. एक-दोन, एक-दोन म्हणत गट पाडा. उन्हाकडे तोंड तुम्ही करा, मुलांची पाठ असू दे. खेळ रंगात असतानाच थांबवा. आणि शिट्टी खिशात ठेवा; सारखी वाजणारी शिट्टी कुणी ऐकत नाही.

मध्यंतरी तिचा फोन आला. "मॅडम, आता तो मुद्दाम पहिल्यांदा बाद होतो!"

म्हटलं, "तीन मिनिटांनी बाहेरचे आत, आतले बाहेर असा नियम कर. आणि तो सगळ्यांना त्यालाच सांगायला लाव."